आत कुणी बोलेना

क्रेनवाली बाई फार कमी बोलते, हे त्या ओतशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या सुट्टीत चारचौघांत बसली तरी तिच्या तोंडून 'हो', 'नाही' आणि 'बघू' यापलीकडे काही निघायचं नाही. घरी नणंद म्हणायची, "वहिनी, तुझ्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली दादा बरोबर घेऊन गेला." दादा म्हणजे हिचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं लोटली होती. तो गेल्यावर या दोघी एका घरात राहिल्या, भांडल्या, रुसल्या, आणि शेवटी एकमेकींच्या इतक्या अंगवळणी पडल्या की वेगळं व्हायचं दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. लग्नात सासूने शिकवलेलं 'वन्सं' ती अजूनही म्हणायची, पण त्याला आता 'अगं' आणि 'तू' चिकटले होते.

ही बाई मनातल्या मनात किती बोलते, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची स्वतःशी टकळी सुरू व्हायची. 'ऊठ बये, लोळून कुणाचं भलं झालंय?' इथपासून ते 'झोप आता, जगाची काळजी करायला तुला कुणी नेमलेलं नाही' इथपर्यंत. फोरमनसमोर ती मान खाली घालून उभी राहायची, पण मनात त्याला असं काही सुनावायची की ऐकलं असतं तर त्याने नोकरी सोडली असती. आणि वर केबिनमध्ये तर ही बडबडच तिची सोबत होती. छताला लागून रूळ, रुळांवरून सरकणारी क्रेन, क्रेनच्या हुकाला लोखंडी बादली, बादलीत भट्टीतून काढलेलं, पाण्यासारखं पातळ झालेलं लोखंड. खाली माणसं. 'सावकाश. झोका येतोय, येऊ दे. आता त्याच्या मागे जा. हं, मेला झोका. पुढे खांब आहे. थांब.' अशी ती स्वतःलाच हाताला धरून नेत असे. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक थेंब सांडला नव्हता.

एका सकाळी ती मोरीत कप विसळत होती. उजवा हात एकाएकी जड झाला, दुसऱ्या कुणाचा तरी आणून खांद्याला लावावा तसा. कप निसटला आणि फुटला. ओठाची एक कड खाली ओढल्यासारखी वाटली. ती जवळच्या स्टुलावर बसली आणि हाताकडे बघत राहिली. थोड्या वेळाने बोटं हलली, मूठ वळली, हात परत तिचा झाला.

नणंद केस पुसत बाहेर आली. "फोडलास? बरं झालं, त्याचा कान तसाही तुटलेलाच होता."

"निसटला," ती म्हणाली. शब्द स्वच्छ निघाला.

काचा गोळा करताना तिच्या लक्षात आलं की काहीतरी बंद पडलंय. घरातला फ्रीज सतत घरघरत असतो, आपल्याला ऐकू येत नाही, आणि तो थांबला की मग एकदम शांतता कानाला टोचते, तसं. आत कुणी बोलत नव्हतं. एरवी अशा वेळी आतून आवाज आला असता, 'अगं काय झालं हे? हात असा कसा गेला? आधी डॉक्टरकडे जा, कामाचं नंतर बघू.' ते वाक्य आलंच नाही. आणि ते आलं नाही म्हणून ती डॉक्टरकडे गेली नाही. तिने कपडे बदलले, डबा घेतला आणि रोजच्या वाटेने कामावर गेली.

केबिनची शिडी चढताना तिला भीती वाटली. नुसती भीती. कशाची, किती, खरी की खोटी, हे सांगायला कुणी नव्हतं. माणूस घाबरतो तेव्हा स्वतःला दोन शब्द सांगतो, काही होत नाही म्हणतो, मागच्या वेळीही निभावलं होतं म्हणतो. त्या दोन शब्दांनी भीतीला कुंपण पडतं. तिच्या भीतीला कुंपणच राहिलं नाही. ती पोटातून उठून छातीत, छातीतून हातात, अशी मोकाट फिरत होती.

पण हातांना काम पाठ होतं. आणि कानात मामांचा आवाज होता. मामा म्हणजे खालून इशारे देणारा माणूस. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. ते वॉकीटॉकीवर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या 'वॉकी'वर, सांगायचे, "उचल. पुढे. पुढे. हळू. बस." तिने तो आवाज उसना घेतला. मामा बोलतील तसे हात हलायचे. संध्याकाळी ती खाली उतरली तेव्हा पाठ घामाने भिजली होती, पण सगळं सुरळीत पार पडलं होतं.

मग असेच दिवस जाऊ लागले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळलं नसतं. कुणी विचारलं तर ती उत्तर द्यायची, हाक मारली तर वळायची. पण दुकानात गेली की काउंटरसमोर नुसती उभी राहायची. घरातून निघताना माणूस मनात घोकत येतो, साबण, मीठ, काडेपेटी. तिला घोकताच येईना. डोळ्यांपुढे साबणाची वडी यायची, पाठोपाठ मिठाची पिशवी यायची, तोवर वडी पुसली गेलेली असायची. दुकानदार म्हणाला, "काय देऊ ताई? की नुसतं दुकान बघायला आलात?" ती तशीच परत आली. फलकावरची सूचना ती वाचायची, अक्षरं ओळखीची होती, पण त्यांना आवाज नव्हता. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात हातची गेलेली असायची. उद्या काय करायचं याचा विचार करायला बसली की डोळ्यांपुढे चित्रं यायची, एकावर एक, ओल्या फोटोंसारखी चिकटलेली. आधी काय, नंतर काय, ते लागत नव्हतं.

हे सांगावं कुणाला? सांगायचं तर आधी मनात जुळवावं लागतं. ती नणंदेसमोर येऊन उभी राहायची, तोंड उघडायची.

"काय गं वहिनी?"

"काही नाही."

शिवाय क्रेनवर एक नियम होता आणि तो तिला शब्दांवाचूनही कळत होता. एकदा चक्कर आली, एकदा हात लटपटला, की तो माणूस खाली उतरतो आणि पुन्हा वर चढत नाही. अशी माणसं तिने पाहिली होती. फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला पास विचारणारी.

तो दिवस उजाडला तेव्हा भट्टी सकाळपासून तापलेली होती. शेवटच्या ओळीतले मोठे साचे भरायचे होते, म्हणून बादली काठोकाठ. तिने ती उचलली, मामांच्या आवाजामागून निम्मं अंतर कापलं, आणि वॉकी बंद पडला. घरघर नाही, खरखर नाही. नुसतीच शांतता.

आता तिच्या बाहेरही कुणी बोलत नव्हतं आणि आतही.

समोर, शेवटच्या साच्यांच्या पलीकडे, एक फिटर शिडीवर चढून पंख्याचं झाकण काढत होता. तो तिथे असायला नको होता. मामांनी हातातला वॉकी झटकला, कानाला लावला, आणि हाताने इशारा करण्यासाठी खांबाआडची आपली जागा सोडून ते मधल्या वाटेवर आले. तेही तिथे असायला नको होते. तिला सगळं दिसत होतं. शिडी, मामा, बादलीच्या काठावरचा पांढरा उजेड. एरवी आतून हुकूम सुटले असते: वेग कमी, मागे वाळूचा खड्डा रिकामा आहे, तिकडे ने, मामांना बाजूला होऊ दे. आता सगळं एकाच वेळी डोळ्यांत शिरलं आणि रांग लागेना. हातांना रोजचं काम पाठ होतं. हे रोजचं नव्हतं. तिने क्रेनचे दोन्ही दांडे एकदम ओढले.

क्रेन जागच्या जागी थांबली. बादली थांबली नाही. ती पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि साच्याच्या पेटीला घासली. लोखंडाची एक जीभ काठावरून खाली पडली. जमीन तिथे कुठेतरी ओलसर असावी. ओलीवर पडताच लोखंड उसळलं, फटाफट ठिणग्या उडाल्या. मामांनी तोंड वळवून डावा हात आडवा धरला आणि मग त्यांचा आवाज आला, वॉकीशिवाय, एवढ्या उंचीवर.

बादलीचा झोका वाढत होता. ती बघत होती. ती नुसती बघत होती.

"थांब," कुणीतरी म्हणालं.

ती दचकली. तिच्याच तोंडून आलं होतं ते, मोठ्याने, केबिनच्या काचेला लागून परत कानात आलं. आणि ते कानात शिरताच हात ढिले झाले.

"हात सोड," ती स्वतःला म्हणाली. "आता झोका बघ. उजवीकडे जातोय. त्याच्या मागे जा. जा. हं. पुन्हा. आता मागे. खड्डा कुठे आहे? मागे, डावीकडे. सावकाश."

शब्द तोंडातून बाहेर, कानातून आत, आणि आतून हातात, असा वळसा घेत होता. वळसा लांबचा होता, पण पोचत होता. तिने बादली वाळूच्या खड्ड्यात टेकवली तेव्हा ती अजून बोलतच होती. "टेकली. टेकली. आता बंद कर. बंद कर." बंद केल्यावरही तोंड थांबेना.

ती शिडी उतरली. खाली मामांना पाणी ओतत बाहेर नेलं होतं. फिटर आपल्या शिडीच्या पायथ्याशी पांढराफटक पडून बसला होता. फोरमन तिच्याकडे आला. तिला वाटलं, आता झालं.

"तुझी काही चूक नाही बाई," तो म्हणाला. "वॉकीने दगा दिला. त्यात तू बादली खाली आणलीस, नाहीतर आज इथे काय वाढून ठेवलं होतं कुणास ठाऊक."

तिने मान हलवली. 'हो' म्हटल्यासारखी ती हलली आणि तिला थांबवता आली नाही.

घरी आली तेव्हा नणंद खिडकीत बसून रंगीत कागदांची फुलं कापत होती. ती लहान मुलांची बालवाडी चालवायची, घरात सदान्कदा कागद आणि डिंक पसरलेला असायचा. आज मनात काही जुळवायचं नाही, हे बाईला कळलं होतं. ती दारातच उभी राहिली आणि तोंड उघडून बोलायला लागली, येईल तसं.

"वन्सं, मामा भाजले. माझ्यामुळे. वॉकीमुळे नाही, माझ्यामुळे. माझ्या आत कुणी बोलत नाही."

नणंदेची कात्री थांबली. "आत म्हणजे कुठे?"

"आत. डोक्यात. मी बोलते ना, तिथे."

"तू बोलतेस?" नणंद म्हणाली. "तू?"

"दिवसभर बोलते. म्हणजे बोलायचे. आता तिथे कुणी नाही. घर सोडून गेल्यासारखं. मला ठरवता येत नाही. मला घाबरूसुद्धा नीट येत नाही."

नणंद हसणार होती, ते ओठावरच राहिलं. "कधीपासून?"

"तो कप फुटला ना. हात गेला होता माझा. थोडा वेळ. मग आला परत."

नणंदेने कात्री खाली ठेवली. तिने चपला घातल्या, पिशवी घेतली आणि भावजयीचा तो उजवा हात असा घट्ट धरला की इस्पितळाच्या दारापर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून घेतला. डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक डाग होता. रक्ताची गुठळी अडकून तिथला भाग सुकला होता. त्यांनी तिला बोलायला लावलं, वाचायला लावलं, लिहायला लावलं. सगळं जमलं. मग त्यांनी दोन चित्रं समोर ठेवली. एक झाडाचं पान, एक माणसाचा कान.

"नावं उच्चारायची नाहीत. मनातल्या मनात म्हणा, आणि यमक जुळतं का ते सांगा."

ती चित्रांकडे बघत राहिली. पान दिसत होतं, त्याच्या शिराही दिसत होत्या. कान दिसत होता. दोन्ही मुके.

"बरं, आता मोठ्याने म्हणा."

"पान. कान." ती म्हणाली. "जुळतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बोलणं शाबूत राहिलं हे नशीब, ते म्हणाले. आतलं बोलणं परत येतं कधीकधी. कधी येत नाही. पण त्याहून महत्त्वाचं दुसरं: ही पहिली सूचना होती. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि हात, तोंड, जीभ, काहीही वेगळं वाटलं तर त्या क्षणी इथे यायचं, कप विसळत बसायचं नाही.

परतताना ती रस्त्याच्या कडेला थांबली. पुन्हा होईल, हे डॉक्टरांनी सरळ म्हटलं नव्हतं, पण तिला कळलं होतं; शब्दात नाही, पायात कळलं होतं. पाय पुढे पडेनात. नणंदेने तिला बसस्टॉपच्या बाकावर बसवलं आणि तीही शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मामांकडे गेली. ते इस्पितळात खाटेवर बसले होते, डावा हात कोपरापर्यंत पट्टीत. शेजारी मामी संत्रं सोलत होत्या. "ये बाई ये," मामी म्हणाल्या, "तूच वाचवलंस म्हणे सगळ्यांना." बाईने तिथेच, उभ्या-उभ्या, सगळं सांगितलं. मामींचे हात संत्र्यावर थांबले.

मामांनी पट्टीतला हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "हाताचं जाऊ दे. हात बरा होईल. पण तू वर तशी बसली होतीस, आणि मी खाली तुझ्या भरवशावर उभा होतो."

"मामा, मला सांगता येईना."

"'मामा, मला उतरव.' एवढं म्हणाली असतीस तर चाललं असतं. वॉकी चालू होता तेव्हा."

मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मामींनी सोललेलं संत्रं बशीत ठेवलं, पण तिला घे म्हटलं नाही. तिथून ती फोरमनकडे गेली आणि त्यालाही तेच सांगितलं. त्याने तिला क्रेनवरून उतरवलं, बिनपगारी रजेवर पाठवलं, आणि जाताना एवढंच म्हणाला, "आधी माझ्याकडे यायला हवं होतंस."

घरात एकटं बसवेना. रिकाम्या डोक्यात भीती हात-पाय पसरून बसायची. हात जरा अवघडला, मुंगी चावली, तरी छाती धडधडायची, आणि 'अगं मुंगी आहे ती' असं म्हणणारं कुणी नव्हतं. शेवटी नणंद म्हणाली, "चल माझ्या बालवाडीत. निदान डिंक लावायला माणूस होईल."

बालवाडीत गोंगाट होता, आणि त्या गोंगाटात तिला बरं वाटलं. ती भिंतीशी बसून बघत होती. एक चारेक वर्षांची मुलगी लाकडी ठोकळे रचत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी ती एकसारखी बोलत होती. "हा नको. हा मोठा. मोठा खाली. पडला. अरे पडला. आता हळू ठेव. असं नाही, असं." शब्दाशब्दाला हात हलत होता. बाई तिच्याकडे टक लावून बघायला लागली. ती मुलगी म्हणजे केबिनमधली ती होती.

"वन्सं, ही कुणाशी बोलतेय?"

"स्वतःशी. सगळीच बोलतात या वयात. अवघड काम असलं की जास्त." नणंद एकाचं शेंबडं नाक पुसत होती. "पहिलीत गेली की पुटपुटतात. मग नुसते ओठ हलतात. मग एक दिवस ओठही मिटतात, आणि आपल्याला वाटतं पोर शांत झालं. शांत कसलं, आत गेलं सगळं." ती थबकली. पुसायचं अर्धवट टाकून तिने भावजयीकडे पाहिलं. "वहिनी, तुझं आत गेलेलं पुसलं गेलंय. पण बाहेरचं आहे की. तुला परत पहिल्यापासून शिकायला बसायचंय."

"या वयात?"

"फी माफ करीन."

त्या दिवसापासून गप्प बाई बोलायला लागली. "आता पातेलं ठेवते. आता गॅस लावते. दूध बाहेर आहे, आधी दूध." दुकानाच्या वाटेवर "साबण, मीठ, काडेपेटी" असं म्हणत ती चालायची. लोक वळून बघायचे. एका बाईने आपल्या पोराला तिच्या वाटेतून बाजूला ओढलं. मग नणंदेने युक्ती सांगितली: मोबाइल कानाला लाव. हल्ली अर्धं जग एकटंच बोलत चालतं, त्यात तू एक. तेव्हापासून ती बंद फोन कानाला लावून स्वतःला हुकूम सोडत हिंडायची. एकदा फोन कानावर असतानाच खरोखर वाजला आणि ती एवढी दचकली की फोन गटारात पडता पडता वाचला.

मोठ्याने बोलणं जमलं, तसं पुटपुटणं सुरू केलं. तिथे गाडी अडली. आवाज बारीक केला की शब्द पातळ व्हायचे आणि मधेच तुटायचे. ती 'आता' म्हणून सुरुवात करायची आणि पुढे काय, ते हवेत विरायचं. ओठ नुसते हलवले तर काहीच नाही. महिने गेले. नणंद धीर देत होती, पण तिच्याही डोळ्यांत काळजी दिसायला लागली होती. बाई मनाशी समजून चुकली; म्हणजे मन म्हणून जे उरलं होतं त्याच्याशी. आता असंच राहायचं.

एका दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ओली चादर दोरीवर टाकायला हात वर केला आणि उजव्या खांद्यात चमक आली. ती तशीच उभी राहिली. तेव्हा आतून, अगदी खोलातून, कुणीतरी म्हणालं:

'पुन्हा होईल.'

तोंड मिटलेलं होतं. ओठ हलले नव्हते. तिने चादर धरूनच आजूबाजूला पाहिलं. गच्चीवर कुणी नव्हतं. पुन्हा आलं ते: 'पुन्हा होईल. या वेळी हात परत यायचा नाही.'

तिला रडू कोसळलं. इतके महिने जिची वाट पाहिली ती आली, आणि आली ती हेच घेऊन. ती समजावणारी, चिडवणारी, फोरमनची खोड मोडणारी कुठेच नव्हती. होती ती फक्त घाबरलेली. पण मोकाट फिरणारी भीती आता एका वाक्यात येऊन बसली होती. वाक्याला उत्तर देता येतं.

"होईल तेव्हा बघू," ती मोठ्याने म्हणाली. "खांदा अवघडलाय. ओली चादर जड असते." तिने मूठ वळली, उघडली. ओठांची दोन्ही टोकं बोटांनी चाचपली. "सगळं जागेवर आहे. आता चिमटा लाव."

आत थोडा वेळ काही नव्हतं. मग अगदी बारीक आलं, '...चिमटा.'

सगळं परत आलं असं नाही. सकाळी थोडं यायचं, दमली की जायचं. लांबचा विचार अजूनही तोंडानेच करावा लागे. आणि जी आत बोलायची ती बहुतेक वेळा वाईटच बोलायची. पडेल, सांडेल, विसरशील. डॉक्टरांनी पानाचं आणि कानाचं चित्र पुन्हा दाखवलं. या वेळी तिने ओठ मिटूनच मान हलवली. त्यांनी बरेच महिने वाट पाहून, पुन्हा तपासून, मग कागदावर सही केली: क्रेन चालवायला हरकत नाही, पण तापलेलं लोखंड नाही. माणसांच्या डोक्यावरून काही नाही.

फोरमनने तिला मागच्या आवारातली क्रेन दिली. तिथे भंगाराचा ढीग होता, लोहचुंबकाने तो उचलून डब्यात टाकायचा. खाली पिवळ्या पट्ट्याच्या आत कुणी उभं राहायचं नाही. पहिल्या सकाळी ती शिडी चढली तेव्हा पट्ट्याबाहेर एक माणूस वॉकी घेऊन उभा होता. त्याच्या डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत होती.

मामांनी ही जागा मागून घेतली की त्यांना नेमलं, हे तिने विचारलं नाही. त्यांनीही तिच्याकडे वर पाहिलं नाही.

"उचल," वॉकीवर आवाज आला.

तिने चुंबक ढिगावर टेकवलं, चालू केलं, वर घेतलं. गंजलेल्या पत्र्यांचा झुबका अधांतरी आला आणि हलायला लागला. आतून लगेच उठलं: 'पडणार. सुटणार. मामा खाली आहेत.' तिचे तळवे ओले झाले. दांडा हातात निसरडा झाला.

"मामा पट्ट्याबाहेर आहेत," ती म्हणाली. "झोका छोटा आहे. येऊ दे. त्याच्या मागे जा."

"काय म्हणालीस?" मामांनी विचारलं. तिचं बोट वॉकीच्या बटणावर राहिलं होतं.

"तुम्हाला नाही मामा. माझं मला चाललं होतं."

मामांनी वॉकी कानापासून खाली घेतला. झुबका हलत होता. तिला वाटलं, आता ते वॉकी ठेवून फोरमनकडे निघतील.

"तुझं तुला नको," मामा म्हणाले. "बटण दाबून ठेव आणि बोल. काय करतेयस ते मला सगळं ऐकू येऊ दे."

तिने बटण दाबून धरलं. आवारातल्या चार-पाच जणांच्या कमरेला वॉकी होते, त्या सगळ्यांना तिचा आवाज जात होता; कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. "झोका उजवीकडे जातोय," ती बोलत होती. "मी मागे जातेय. भीती वाटतेय. हात ओला आहे. डबा समोर आला. थांबते. खाली घेते. अजून खाली. आता सोडते."

पत्रे डब्यात कोसळले आणि आवार दणाणलं. तिने चुंबक वर घेतलं. आत ती दुसरी अजून म्हणतच होती, पुढच्या वेळी, पुढच्या वेळी.

"ठीक आहे का मामा?"

मामांनी डब्यात डोकावून पाहिलं, मग ढिगाकडे.

"पुढचं घे," ते म्हणाले.